जखम पाहून, की अर्ज पाहून?

(नांदेड येथे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला आणि जावळीच्या रानात त्याच्या फौजेचा पाडाव झाला. या विजयाची वर्णने महाराष्ट्राच्या घराघरांत पोवाड्यांतून पोहोचली आहेत. मात्र विजयानंतर महाराजांनी काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. ते कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बसून, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरीत नोंदवून ठेवले आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले. आणि जे जखमी झाले त्यांना दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन असे द्रव्य दिले. ही रक्कम कशावरून ठरली? जखम पाहून. सभासदाने हे कारण स्पष्ट दिले आहे.

या नोंदीत अर्जाचा उल्लेख कोठेही नाही. जखमी मावळ्याने कारकुनापुढे उभे राहून आपली जखम खरी असल्याचे पटवून द्यावे, साक्षीदार आणावेत, दोन-चार वर्षे खेटे घालावेत, असे काही त्यात नाही. राज्याचा माणूस जखमीपर्यंत गेला, त्याने जखम पाहिली आणि हिशेब चुकता केला. आजचा विषय या दोन शब्दांभोवतीच फिरतो. युद्धात जखमी झालेला सैनिक आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या जखमेचे पदक मिळावे म्हणून विनंती करतो, तेव्हा त्याच्यासमोर जे उभे राहते, ते या दोन शब्दांपासून फार दूर गेलेले असते.

आपल्या सेनेत युद्धजखमेसाठी स्वतंत्र पदक आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘वूंड मेडल’ या नावाने ते सैनिकांत ओळखले जाते आणि ‘पराक्रम पदक’ हे त्याचे भारतीय नाव. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या सैनिकाला ते मिळते. घुसखोर वा बंडखोरांविरुद्धच्या मोहिमांतील जखमाही त्यात येतात. १९६५ च्या युद्धानंतर ‘समर सेवा तारा’ आणि ‘रक्षा पदक’ दिले गेले. त्या काळात सैनिक सेवेत होता, विशिष्ट क्षेत्रात होता, एवढे ही पदके सांगतात. त्याने रक्त सांडले हे सांगणारे पदक निराळे. सैनिकाच्या छातीवरील पट्ट्या ही त्याची चरित्रपट्टी असते. जाणकार माणूस त्या एका दृष्टिक्षेपात वाचतो, आणि त्यातील एक पट्टी गळली तर चरित्रातील एक प्रकरण गळते.

शौर्यपदक आणि जखमेचे पदक यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा लागेल, कारण पुढचा सारा घोटाळा तेथून सुरू होतो. शौर्यपदकासाठी शिफारस लागते. त्यासाठी दूर जायला नको, नळदुर्ग आपल्या मराठवाड्यातच आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीविरुद्ध भारतीय सेनेची कारवाई सुरू झाली आणि सोलापूरकडून आलेली तुकडी पहाटे नळदुर्गापाशी पोहोचली. तेथे शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतील हवालदार बचित्तरसिंग एका मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. गोळ्यांच्या फैरीने त्यांची मांडी फुटली. उभे राहता येईना, तेव्हा ते सरपटत पुढे गेले, हातगोळे फेकून त्यांनी ते ठाणे बंद पाडले आणि त्याच जखमेने वीरगती पत्करली. १९५२ मध्ये अशोकचक्र स्थापन झाल्यावर त्या सन्मानाचे पहिले मानकरी म्हणून त्यांचे नाव आले. मराठवाडा मुक्त होत असताना पंजाबातील एका शेतकऱ्याच्या मुलाचे रक्त नळदुर्गच्या मातीत सांडले. दर वर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते तेव्हा हे नाव किती शाळांतून उच्चारले जाते, याची चौकशी प्रत्येकाने आपापल्या गावी करावी.

बचित्तरसिंगांचा पराक्रम तुकडीने पाहिला, अधिकाऱ्यांनी लिहिला, वरपर्यंत पोहोचवला. सर्वच वेळी असे घडत नाही. पाहणारा अधिकारी त्याच लढाईत कामी आला तर शिफारस लिहिणार कोण? म्हणून शौर्यपदकात दैवाचा भाग राहतोच आणि सैनिक तो निमूटपणे मान्य करतो. जखमेच्या पदकाची गोष्ट वेगळी आहे. त्याला शिफारस लागत नाही, कोणाची मर्जी लागत नाही. शत्रूच्या हत्याराने जखम झाली, एवढी एक वस्तुस्थिती लागते. ती सिद्ध झाली की पदक हा हक्क ठरतो.

मग अडते कोठे? अडते ते नोंदीत. जखमी सैनिकाला प्रथम पलटणीच्या प्रथमोपचार ठाण्यावर नेतात, तेथून मागच्या ड्रेसिंग स्टेशनवर, तेथून फील्ड हॉस्पिटलात आणि शेवटी दूरच्या मोठ्या लष्करी रुग्णालयात. तोवर त्याची पलटण पुढे सरकलेली असते. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी घाईत, कधी कंदिलाच्या उजेडात, दोन ओळी लिहितो. त्या दोन ओळींत ‘बॅटल कॅज्युअल्टी’ असे आले की नुसते ‘जखमी’ असे आले, यावर त्या माणसाचे पुढचे आयुष्य ठरते. हा भेद केवळ पदकापुरता नाही. युद्धजखमेचे निवृत्तिवेतन आणि साधे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन यांत मोठे अंतर आहे. पूर्ण अपंगत्व आलेल्या युद्धजखमी सैनिकाला मिळणारा अपंगत्वाचा भाग साध्या अपंगत्वाच्या मानाने तिपटीहून अधिक ठरतो. लिहिणाऱ्याच्या हातून एक शब्द राहिला, की एका कुटुंबाच्या चुलीवर त्याचा परिणाम पन्नास वर्षे होत राहतो.

आणि जखम दिसते तशी बरी होतेच असे नाही, हे नांदेडकरांना वेगळे सांगायला हवे काय? श्रीगुरू गोविंदसिंहजींवर याच नगरीत मारेकऱ्याने वार केला. जखम शिवली गेली, भरत आली. परंतु परंपरा सांगते की, एक कठीण धनुष्य ओढताना ती पुन्हा उसवली आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये गोदातीरी गुरुजींनी देह ठेवला. ज्या ठिकाणी आज सचखंड हुजूर साहिबचे सुवर्णशिखर तळपते, ते ठिकाण उसवलेल्या जखमेची स्मृती तीनशे वर्षे जपून आहे. सैनिकाच्या देहातील छरे, गोळीचे तुकडे, दुखावलेला मणका यांचेही असेच असते. पंचविशीत शिवलेली जखम साठीत उसवते, आणि तोवर कागद हरवलेला असतो.

आता महाराष्ट्राच्या एका सुपुत्राची हकीकत ऐकावी. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सेनेच्या ईएमई विभागात जवान होते. उत्तम मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात ते सियालकोट आघाडीवर होते. शत्रूच्या विमानांनी छावणीवर हल्ला चढवला, तेव्हा इशाऱ्याची शिट्टी झाली. पुष्कळ जवानांना ती चहाची शिट्टी वाटली, असे पेटकरांनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. त्यांच्या शरीरात अनेक गोळ्या शिरल्या. एक मणक्यात रुतून बसली ती कायमची. कंबरेखालचा देह निकामी झाला. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले आणि ज्या माणसाचे पाय गेले होते तो पोहू लागला. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत पन्नास मीटर मुक्त शैलीचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. वैयक्तिक सुवर्ण मिळवणारा पहिला भारतीय म्हणून अभिनव बिंद्रा यांचे नाव देश २००८ पासून घेतो आणि ते ऑलिम्पिकपुरते खरेही आहे. परंतु त्याच्या ३६ वर्षे आधी एका जखमी मराठी जवानाने पॅरालिम्पिकच्या मैदानात जन-गण-मन वाजवायला लावले होते.

पुढे काय घडले? १९८२ मध्ये पेटकरांनी अर्जुन पुरस्कारासाठी विनंती केली. ती नाकारली गेली. त्यानंतर त्यांनी आपली प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि पुण्यातील नोकरीत, संसारात लक्ष घातले. २०१८ मध्ये पद्मश्री आली. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला आणि ज्या देशाला हे नाव पाठ असायला हवे होते, त्याने ते तिकीट काढून ऐकले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा पेटकरांनी वयाची ८० वर्षे पूर्ण केली होती. विनंती आणि स्वीकार यांत ४२ वर्षांचे अंतर पडले. अर्जुन पुरस्कार हे लष्करी पदक नव्हे, क्रीडा पुरस्कार आहे, हे खरे. परंतु जखमी सैनिकाच्या वाटेवरची भिंत तीच. ज्याने केले त्यानेच जाऊन सांगायचे, आणि सांगितल्यावर नकारही त्यानेच पचवायचा.

बंधूंनो, येथे एका नाजूक गोष्टीला हात घालावा लागेल. आपल्या संस्कारांत मागणे कमीपणाचे मानले जाते. सैनिकाच्या मनात तर ते फारच खोल रुजलेले असते. आपल्याच जखमेसाठी पदक मागायचे? शेजारी पडलेला सोबती परतला नाही, आपण परतलो, हेच पुष्कळ नव्हे काय? अशा विचाराने कित्येकांनी कधी अर्जच केला नाही. आपल्या कार्यकर्त्यांना ही वृत्ती चटकन आवडते, कारण प्रसिद्धिपराङ्मुखता हा आपल्या जडणघडणीचाच भाग आहे. पण नीट विचार केला तर दिसते की, न मागणे हा सैनिकाचा गुण आहे. त्याच्या न मागण्याचा आधार घेऊन समाजाने स्वस्थ बसणे हा गुण कसा होईल? एखाद्या वृद्ध जवानाने शेवटी संकोच सोडून विनंती केलीच, तर त्यामागे बहुधा नातवाचा प्रश्न असतो: आजोबा, तुम्ही खरेच लढलात, तर तुमचे पदक कोठे आहे? त्या विनंतीला लोभ म्हणणाऱ्याने आधी त्या म्हाताऱ्याच्या अंगावरचे वण पाहावेत.

शासकीय कार्यालये संशयाने पाहतात, याला कारण नाही असेही म्हणता येणार नाही. आपल्याच मराठवाड्याने एक लाजिरवाणा अध्याय पाहिला आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ज्यांनी खरोखर लाठ्या-गोळ्या झेलल्या, त्यांच्या नावावर असलेल्या निवृत्तिवेतनासाठी बीड जिल्ह्यात बनावट कागदपत्रे उभी केल्याच्या तक्रारी झाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी झाली आणि २००५ मध्ये न्यायालयाने त्यावर निकाल दिला. खोट्यांनी रांग मोडली की खऱ्यांकडेही चोरासारखे पाहिले जाते, ही त्या प्रकाराची खरी हानी. सीमेवरील कॅम्पांत राहून रझाकारांशी झुंजलेल्या माणसाकडे पुरावा काय असणार? भूमिगत लढ्यात पावत्या मिळत नाहीत. सैनिकाचे तसे नसते. तो कोणत्या दिवशी कोठे होता, कोणत्या रुग्णालयात किती दिवस होता, वैद्यकीय मंडळाने काय लिहिले, हे सारे सरकारच्याच कपाटात असते. जो कागद सरकारपाशी आहे, तो सैनिकाने सरकारला आणून दाखवावा, ही अपेक्षा चमत्कारिक म्हणावी लागेल.

इतरांनी हा प्रश्न कसा हाताळला, तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८२ मध्ये साध्या शिपायांसाठी जांभळ्या कापडी हृदयाचे सन्मानचिन्ह काढले. ते विस्मरणात गेले आणि १९३२ मध्ये, वॉशिंग्टन यांच्या जन्माच्या द्विशताब्दीला ‘पर्पल हार्ट’ म्हणून पुन्हा सुरू झाले. तेव्हा पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना, युद्ध संपून दीड दशक होत आले असतानाही, ते मागता आले. पुढे १९७३ मध्ये सेंट लुईस येथील लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि लक्षावधी सैनिकांच्या नस्ती जळाल्या. ‘कागद नाही, म्हणून जखम नाही’ असे म्हणून त्या देशाला मोकळे होता आले असते. तसे न करता पलटणीच्या दैनंदिन नोंदी, वेतनपत्रके, रुग्णालयाच्या याद्या यांतून नस्ती पुन्हा जुळवण्याचे काम हाती घेतले गेले. त्या देशाच्या पुष्कळ गोष्टी आपल्याला पटणाऱ्या नाहीत. ही मात्र घेण्यासारखी आहे.

आपल्याकडील न्यायालयांनीही दिशा दाखवली आहे. धरमवीरसिंग यांच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सेनेत भरती होताना ज्याच्या प्रकृतीत दोष नोंदला गेला नाही, त्याला पुढे आलेले अपंगत्व सेवेमुळेच आहे, हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकता येणार नाही. संशयाचा फायदा त्यालाच मिळायला हवा. हा निकाल निवृत्तिवेतनाबाबतचा आहे, पदकाबाबतचा नव्हे. पण त्यामागील न्यायबुद्धी पदकालाही लावता येईल. सशस्त्र सेना न्यायाधिकरण २००९ पासून काम करीत आहे आणि त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. किनवटच्या तांड्यावरील किंवा देगलूरच्या सीमेवरील वृद्धाला मुंबई किती दूर, हे नांदेडच्या रेल्वे फलाटावर रात्री उभे राहिल्याशिवाय कळणार नाही.

सातारा जिल्ह्यात ‘अपशिंगे मिलिटरी’ नावाचेच गाव आहे. तेथे घरोघरी सैनिक. कोणता कागद कोठे पाठवायचा, हे शेजारचा सुभेदार सांगतो. नांदेड, लातूरकडे अशी दाट परंपरा नाही. मुखेड, कंधार, उदगीर, निलंगा या तालुक्यांत एखाद्या गावी एकच माजी सैनिक असतो आणि त्याला विचारायला दुसरा नसतो. १९६५ चे जवान आज ऐंशीच्या घरात आहेत, १९७१ चे पंचाहत्तरीच्या आसपास. हाताशी असलेला वेळ वर्षांत मोजावा इतका उरलेला नाही. म्हणून येथे बसलेल्या तरुणांनी काय करता येईल, ते सरळ सांगितलेले बरे.

जखमी सैनिकाच्या घरी जावे आणि प्रथम त्याचे ऐकावे, कागद नंतर. मग डिस्चार्ज बुक पाहावे. त्यात सेनाक्रमांक, पलटण, सेवेचा काळ आणि मिळालेली पदके लिहिलेली असतात. वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि निवृत्तिवेतनाचा आदेश यांत अपंगत्वाचे कारण कोणत्या शब्दांत दिले आहे, ते जाणकाराकडून वाचून घ्यावे. सैनिकाच्या सेवेचे मूळ अभिलेख त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, ईएमईचे सिकंदराबादला. जखमेची तारीख, ठिकाण, रुग्णालय हे तपशील देऊन तेथे नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवावे आणि त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्यावी. त्या लढाईतील एखादा सोबती हयात असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र आजच घ्यावे. पुढच्या दिवाळीची वाट पाहू नये. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहेच. पूर्व सैनिक सेवा परिषदेचे कार्यकर्ते यात मार्ग दाखवू शकतील.

अर्जाचा मसुदा तरुणाने लिहावा, पण लिहून झाल्यावर तो सैनिकाला मोठ्याने वाचून दाखवावा. कित्येकदा तेवढ्यातच एखादे विसरलेले नाव आठवते: डॉक्टरांचे, स्ट्रेचर उचलणाऱ्याचे, शेजारच्या खाटेवरील जवानाचे. ते नाव अर्जात घालावे. अभिलेख कार्यालयातील कारकुनाला कपाट उघडायला तेवढे एक नाव कधी कधी पुरते.

दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. निधीच्या पेट्या फिरतात, खिशाला ध्वज लावले जातात. त्याच्या आधी प्रत्येक तालुक्यातील युद्धजखमी सैनिकांची, नाव, गाव, पलटण, जखमेचे वर्ष आणि पदक मिळाले की नाही अशा रकान्यांची यादी तयार व्हावी. शेवटच्या रकान्यात जेथे ‘नाही’ येईल, त्या घरापासून कामाला आरंभ करायचा आहे.